झोपमोड

आमच्या ह्यांना लोक आता काय म्हणतात ते तुमच्या कानावर आलंच असेल. मेलेल्याचा फोटोवाला. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण पाठ वळली की म्हणतात, आणि ह्यांचे कान मेले तिखट. घरी येतात, जेवतात, स्वतःचं ताट विसळून ठेवतात, एक अक्षर बोलत नाहीत. बोलायचं ते मीच बोलते. लग्न झाल्यापासून आमच्यात कामाची वाटणीच तशी आहे, फोटो ह्यांनी काढायचे आणि तोंड मी चालवायचं.

तर ऐका. आणि ऐकून झालं की गिळून टाका. ज्या बाईवरून हे सगळं झालं ती आता लेकीकडे लांब राहायला गेली म्हणून मी तोंड उघडतेय, पण बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. तिच्यापर्यंत यातलं काही पोचलं, तर तुमची खैर नाही, सांगून ठेवते.

हे एका फोटो स्टुडिओत कामाला होते. स्टुडिओ म्हणायचं आपलं. झेरॉक्सच्या मशीनमागे एक स्टूल, एक पांढरा पडदा आणि छत्र्या लावलेले दोन दिवे. पासपोर्टचे, ओळखपत्राचे फोटो. दिवसभर एकच पाठ, हनुवटी जरा खाली, खांदे सरळ, डोळे मिटू नका. माणसं नेमकी त्याच वेळी डोळे मिटतात, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि सुट्टीच्या दिवशी हे गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यावर, तर फोटो कुणाचे काढायचे? झोपलेल्या माणसांचे! मी म्हणायचे, "अहो, आठवडाभर लोकांना डोळे उघडा म्हणता आणि सुट्टीला डोळे मिटलेल्यांच्या मागे लागता. एकदा काय ते ठरवा तरी." नुसते हसायचे. मी कपड्यांना चेन बसवून देते, बाह्या कमीजास्त करून देते, गिऱ्हाईक घरीच येतं. ते विचारायचं, कुठे गेलेत साहेब? मी सांगायचे, गेलेत लोकांची झोप मोजायला.

कुठे कुठे झोपतात हो माणसं! हातगाडीवर, ट्रकच्या चाकाला टेकून, दवाखान्याच्या जिन्यात, बंद दुकानाच्या पायरीवर. कचेरीच्या बाकावर, हातात नंबराची चिठ्ठी धरून. रखवालदार तर ह्यांचे खास. त्यांचे इतके फोटो की मी म्हटलं, ह्या रखवालदारांवर राखण ठेवायला आणखी एक माणूस नेमायला हवा.

पण नुसता फोटो काढून हे कधी निघायचे नाहीत. ह्यांची पद्धतच वेगळी. एक फोटो काढायचा. मग तिथेच उभं राहायचं, इकडेतिकडे बघत. जरा वेळाने त्याच जागेवरून दुसरा काढायचा. मग दोन्ही एकापाठोपाठ एक बघायचे. शर्टाची घडी सरकलीय, मान थोडी कललीय, ओठ मिटलेत, काहीतरी हललंय असं दिसलं की पावलं न वाजवता चालू लागायचं. आणि काहीच हललेलं नसलं, तर सरळ जाऊन खांद्याला हात लावायचा, "काका, बरं आहे ना?"

मग काय! गाढ झोपेतून उठवलेला माणूस काय मुका घेणार आहे? एका ट्रकवाल्याने कानाखाली वाजवली. एक कारकून पोलिसात द्यायला निघाला. बाजारातल्या हमालांनी नावच पाडलं, झोपमोड्या. लांबून हे दिसले की कुणीतरी ओरडायचं, "उठा रे, झोपमोड्या आला!" आणि पोत्यांवर आडवे झालेले सगळे ताडकन उठून बसायचे, हसत. त्या बाजारात ह्यांना एकसुद्धा फोटो मिळत नसे.

ही नसती उठाठेव कशासाठी, ते मला माहीत होतं. एकट्या मला.

ह्यांचे वडील छापखान्यात होते. पाळी संपवून घरी येताना पोस्टासमोरच्या बाकावर बसले आणि बसल्या जागी गेले. मान छातीवर, हात मांडीवर, डब्याची पिशवी शेजारी. सगळी दुपार माणसं येत होती, जात होती. एक जण तर त्याच बाकावर बसून पेपर वाचून गेला म्हणे. झाडूवालीने त्यांच्या पायांच्या बाजूने झाडून काढलं. दिवे लागायला आले तेव्हा पोस्टाचा शिपाई दार ओढायला बाहेर आला, त्याने हलवलं, तर ते कलंडले. डॉक्टर म्हणाले, जीव एकदम गेलेला नाही, कुणी वेळेवर आणलं असतं तर बघता आलं असतं. आणि ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर. आम्हाला वाटलं झोपलेत. कशाला उगाच झोपमोड करायची?

त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांत हेसुद्धा होते. कॉलेजातून सायकलवर परत येत होते. वडिलांना बघून पाय टेकून थांबलेसुद्धा. मग मनात आलं, दोन दोन पाळ्या करून माणूस दमलाय, घटकाभर डोळा लागलाय तर लागू दे. आणि पायडल मारून घरी आले. आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सासूबाई गेल्या, पण पोरगा तिथून गेला होता हे त्यांना कळलं नाही. मला सांगितलं ते लग्नानंतर, तेही माझ्याकडे न बघता. म्हणाले, "मी माया केली गं त्यांच्यावर. मायेनेच मारलं."

तेव्हापासून ह्यांनी एकच गाठ बांधली होती. आपल्या डोळ्यांपुढे जो झोपलाय, तो उठून त्याच्या घरी गेला पाहिजे. फोटो चांगला येवो, वाईट येवो, जळो तो फोटो. पण आपण बघितलं आणि पुढे गेलो, असं पुन्हा कुणाच्या बाबतीत व्हायचं नाही. एकदा तसा एक रखवालदार सापडलासुद्धा. दोन्ही फोटोंत तसाच्या तसा, उठवला तर उठेना, अंगाला घाम. ह्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेला. साखर उतरली होती, वाचला. त्या दिवशी हे घरात शीळ घालत फिरत होते. एवढ्या वर्षांत मी ह्यांची शीळ ऐकली ती तेवढीच.

असे जोडीजोडीने काढलेले फोटो ह्यांनी स्टुडिओच्या काचेवर आतून चिकटवले होते. एक बाई ओळखपत्राच्या फोटोला आल्या, त्या कलादालन चालवणाऱ्या निघाल्या. काचेपाशी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. "हे तुमच्या आत कुठून आलं?" म्हणे. हे म्हणाले, "असंच." आतलं काही बाहेर काढायचं म्हणजे ह्यांचा दात उपटावा लागतो. तरी त्या दोन फोटोंची भानगड त्यांनी विचारून विचारून काढून घेतली. वडिलांचं मात्र ह्यांनी सांगितलं नाही. शेवटी ठरलं, प्रदर्शन भरवायचं. एक फोटो झोपेचा, दुसरा जिवंत आहे का बघायला, असं पत्रकात छापायचं आणि भिंतीवर सगळे जोडीने लावायचे.

प्रदर्शनाच्या आधी, फोटो निवडणं चालू असतानाच, हे एका संध्याकाळी घरी आले ते पोरासारखे उड्या मारत. "अगं, इकडे ये, इकडे ये! आज एकातच काम झालं!"

कॅमेऱ्यात बघितलं. ते बंद पडलेलं थिएटर आहे ना, त्याच्या पायऱ्या. तिकिटाच्या खिडकीखाली भिंतीला टेकून एक माणूस झोपला होता. रंगारी असावा, बुटांवर रंगाचे शिंतोडे, शेजारी ब्रशांची बादली. उतरतीचं ऊन बरोबर त्याच्या तोंडावर. चेहरा इतका शांत की बघणाऱ्यालाच जांभई यावी. सगळं लख्ख आलं होतं, एकेक वीट मोजावी. फक्त गुडघ्यावरचा उजवा हात धुरकट, पुसल्यासारखा.

"हा बिघडलाय की," मी म्हटलं.

"बिघडला नाही गं, बाई. जे हलतं ते फोटोत पुसट येतं. बोटं हलत होती त्याची, मी डोळ्यांनी बघितली. झोपेत रंग देत असेल कुणाच्या घराला!" आणि स्वतःच हसले. "हलला ना? मग दुसरा कशाला काढू? आणि उठवू तरी कशाला बिचाऱ्याला?"

इतकं सरळ होतं बघा. हललेला दिसला की निघायचं, हा ह्यांचाच नियम. तो ह्यांनी पाळला.

दालनाच्या बाई त्या फोटोवर लट्टू झाल्या. ह्याची जोडी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, नसू दे, हा एकटाच लावू, मोठा करून, समोरच्या भिंतीवर. त्याचीच जाहिरात छापली आणि गावभर लावली.

प्रदर्शन सुरू झाल्यावर पहिले काही दिवस माणसं आली, वाहवा झाली. मग ओसरली. त्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले होते. दालनात दोन-चार मंडळी. एक बाई आत आली. माझ्याच वयाची, अंगावर कामावरचा डगला तसाच, हातात पिशवी. आजूबाजूला काही न बघता थेट त्या मोठ्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. खूप वेळ उभी होती. मग वळून तिने विचारलं, फोटो काढणारे कोण? मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

"हे माझे मिस्टर," ती म्हणाली.

फोटोतली माणसं कधीमधी यायची, स्वतःला बघून हसायची. हे खूश होऊन उठले. "अरे वा! मग त्यांनाही घेऊन यायचं होतंत!"

कर्म माझं. काय बोलून बसले.

"ते नाहीत," ती म्हणाली. "फोटोखाली तारीख आहे ना, त्याच दिवशी गेले. ह्याच पायऱ्यांवर."

मी तिला खुर्ची दिली. बसली नाही. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभ्या उभ्या सांगत राहिली. दातांच्या दवाखान्यात साफसफाईचं काम करते. तिथल्या भिंतीवर ही जाहिरात लागली. फरशी पुसता पुसता मान वर केली, तर समोर नवरा.

"दुपारी त्यांनी मला फोन केला होता," ती म्हणाली. "छातीत भरून आलंय, हात जड झालाय. मी कामात होते. मी म्हटलं, सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या, टेका जरा कुठेतरी, बरं वाटलं की या. सावली बघून टेका, असंसुद्धा म्हटलं हो मी. आणि फोन ठेवून फरशी पुसायला लागले. अंधार पडायला आला तेव्हा कुत्री भुंकायला लागली म्हणून कुणी बघायला गेलं. दवाखान्यात म्हणाले, मघाशीच संपलंय. मघाशी म्हणजे कधी, ते कुणी सांगेना."

हे त्या मोठ्या फोटोकडे बघत होते.

"मला तेवढंच पाहिजे. टेकल्याबरोबर गेले, की पडून होते वाट बघत? लगेच गेले असतील तर मी धावत आले असते तरी काय उपयोग होता? पण तसं नसेल..." मग तिने पिशवीतून पत्रक काढलं, घड्या पडलेलं. "ह्यात लिहिलंय, तुम्ही दोन फोटो काढता. जिवंत आहे का बघायला. सगळ्यांचे दोन दोन लावलेत. ह्यांचाच एक आहे. दुसरा दाखवा मला. मी रडणार नाही, आरडाओरडा करणार नाही. नुसता दाखवा."

फोटोतलं ऊन मला दिसत होतं. दुपार टळून गेल्यावरचं ऊन. म्हणजे फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तो माणूस तिथे होता. जिवंत होता. बोटं हलवत होता. कुणाला बोलवत असेल, पाणी मागत असेल, काय असेल ते असो. आणि ह्यांनी त्याला हलताना बघितलं आणि समाधानाने घरी आले.

ह्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मला वाटलं, आता खरं सांगणार आणि इथेच कोसळणार. कारण खोटं बोलणं ह्यांना जमतच नाही. दारात नकोसा पाहुणा आला तरी घरात नाही म्हणून सांगायला मला पुढे करतात.

"दुसरा काढला होता," हे म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"नंतर पुसून टाकला. दोन्हींत काहीच फरक नव्हता. म्हणून जवळ जाऊन हात लावून बघितला. गार होता. केव्हाच गेले होते ते. टेकल्याबरोबरच गेले असणार."

"आणि हा हात?" तिने फोटोतल्या त्या धुरकट जागेवर बोट ठेवलं. "हा असा का दिसतो?"

"तो दोष आहे फोटोतला. कॅमेरा हलला माझा."

ती मटकन खुर्चीत बसली. रडणार नाही म्हणाली होती, पण रडली. "लगेच गेले," म्हणाली. "लगेच गेले हो." पिशवी हातातून सुटून खाली पडली, ती मी उचलून दिली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

मग तिने डोळे पुसले आणि ह्यांच्याकडे बघितलं. एकेक विचारत गेली.

"मेलेत हे तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"नाही. घाबरलो. निघून आलो."

"कुत्री जमली त्यांच्यापाशी."

ती फोटोकडे वळली.

"आणि फोटो तेवढा घेऊन आलात. मोठा करून भिंतीवर लावलात."

"हो."

मला राहवेना. "अहो, काय बोलताय हे तुम्ही? बाई, ऐका, हे..." ह्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. "तू मध्ये बोलू नकोस." आख्ख्या संसारात ह्यांनी मला गप्प बस म्हटलं ते त्या दिवशी.

ती उठली आणि ह्यांच्या तोंडावर थुंकली. ह्यांनी तोंड फिरवलं नाही. दालनातली माणसं जागच्या जागी उभी राहून ऐकत होती. तिने जाऊन तो मोठा फोटो भिंतीवरून ओढून काढला, सुरळी केली, काखेत मारला आणि गेली. कुणी अडवलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्या माणसांनी ऐकलं, त्यांनी आणखी चौघांना सांगितलं. प्रदर्शन बंद झालं. दालनाच्या बाईंनी फोनवर ह्यांना नाही नाही ते सुनावलं. स्टुडिओचा मालक म्हणाला, बाबा रे, तुझ्यासमोर बसायला लोक तयार नाहीत, मी तरी काय करू? आता हे एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात. कॅमेरा विकला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ह्यांना उभंआडवं फैलावर घेतलं. "सुळावर चढायची एवढी हौस होती, तर खरं सांगून चढायचं होतंत! केलं ते सांगायचं होतंत. न केलेलं कशाला डोक्यावर घेतलंत?"

"खरं सांगितलं असतं तर ती चढली असती," हे म्हणाले. "'टेका जरा' म्हणाली ती त्याला. मायेने म्हणाली. जन्मभर तेवढंच ऐकत बसली असती. ते कसं असतं मला ठाऊक आहे."

ह्यांची काही चूक नाही असं मी म्हणत नाही, बायको असले तरी आंधळी नाही. तो हात हलत होता आणि हे निघून आले, ते आलेच. पण लोक थुंकतात ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि मी ते रोज बघते, आणि मला बोलता येत नाही. मला! माझ्या माहेरी विचारा, मी गप्प बसले असं कुणी ऐकलंय का.

लेकीकडे जायच्या आधी ती बाई मला बाजारात भेटली. मीच चुकवून जात होते, तीच आडवी आली. म्हटलं, आता चारचौघांत शिव्या देणार.

"तुमच्या नवऱ्याला मी माफ करणार नाही," ती म्हणाली.

"नका करू," मी म्हटलं.

"पण तुम्हाला एक सांगावंसं वाटलं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं नसतं, तर मी वेडी झाले असते. आता मला झोप लागते." एवढं बोलून गेली. मी भाजी न घेताच घरी आले.

हे नुकतेच कामावरून येऊन हातपाय धूत होते. मी जशीच्या तशी गोष्ट सांगितली. हे टॉवेल हातात घेऊन ऐकत राहिले.

"लागते म्हणाली? झोप?"

"लागते म्हणाली."

"मग झालं," म्हणाले आणि ताटावर येऊन बसले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, दुसऱ्यांदा मागून घेतलं. मी वाढत होते आणि मला इतकं भरून आलं की ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून उठून नळ सोडला.